उत्तरेकडे उशी

सिस्टरकाकू कुणालाही धीर देत नसत. आजाऱ्याला बघायला आलेला माणूस निदान "होईल बरं" एवढं तरी म्हणतो. काकू कपाळाला हात लावायच्या आणि म्हणायच्या, "ताप आहे." तो तर मलाही कळत होता! दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन शेजारच्या क्वार्टरमध्ये भावाकडे राहणाऱ्या या बाईंचा मला फार राग यायचा.

राज्यांची फेररचना झाली तेव्हा सासरे नागपूरहून जबलपूरच्या कचेरीत आले. दोन खोल्यांत सासूबाई, मामंजी आणि आम्ही नवरा-बायको असे चौघं. मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी अशक्त. एकदा डब्याचं दूध दिलं तर दोन दिवस जुलाब. विसाव्या दिवशी माझा डावा स्तन लाल होऊन दगडासारखा घट्ट झाला आणि हुडहुडी भरून ताप चढला.

काकूंनी डॉक्टरांकडून गोळ्या आणवल्या. "गोळ्या पूर्ण घ्यायच्या. त्या बाजूनं पाजणं बंद करायचं नाही." ताप उतरला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, त्याच जागी. पुन्हा गोळ्या. सासूबाईंनी दृष्ट काढली आणि दूध आटू नये म्हणून अळिवाची खीर दुप्पट केली. इथे आटत कुठे होतं, साचत होतं!

तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दो दिन में गाँठ नरम नहीं हुई तो चीरा लगाना पड़ेगा." सासूबाईंनी लगेच ठरवून टाकलं, उद्यापासून डब्याचं दूध. मी घाबरले. चिऱ्याला नाही, त्या डब्याला. पोरीच्या मनगटाची हाडं दिसत होती.

संध्याकाळी काकू स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या.

"पाज. मी पाहून राहिली."

मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून उजव्या कुशीवर आडवी झाले, पदर घेतला. पाठीमागे मामंजी पेपर वाचत होते.

"रोज अशीच पाजते? मग डावीकडून काहून नाही?"

मी पदर आणखी ओढून घेतला. कूस बदलली की तोंड मामंजींकडे होई. म्हणून डावीकडून मी ते आंघोळीला गेले की घाईघाईनं पाजायची, तेवढंच. यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

काकूंनी उशी उचलून पायथ्याशी टाकली. "आता इकडं डोकं कर अन् डाव्या कुशीवर हो. तोंड भिंतीकडंच राहते."

"उत्तरेला डोकं?" सासूबाई ओरडल्या. "बाळंतिणीचं? अन् ते खराब दूध पोरीला पाजायचं?"

"दूध खराब नाही, अडकलं आहे. झोपताना उशी फिरवा वहिनी, पाजताना राहू द्या."

पेपराआडून मामंजी म्हणाले, "राहू दे तिकडंच उशी." मग खुर्ची उचलून ते व्हरांड्यात जाऊन बसले. पुढे ती खुर्ची तिथेच राहिली.

दोन दिवस मी दात आवळून आधी डावीकडून पाजलं. पोरीनं ओढलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. काकू चाचपून म्हणायच्या, "आहे अजून."

"काकू, एकदा तरी बरं होईल म्हणा ना!"

"मलेच माहीत नाही, तर कशी म्हणू?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे निघायच्या आधी त्यांनी चाचपलं, थांबल्या, पुन्हा चाचपलं. "गाठ मऊ झाली." डॉक्टरही चिरा नको म्हणाले. मी रिक्षातच रडले. चौथी खेप आली नाही.

वर्षभरात त्यांच्या भावाची रायपूरला बदली झाली. सामान चढलं तेव्हा गुबगुबीत पोरीला कडेवर घेऊन मी पाया पडायला वाकले. काकूंनी मला दंडाला धरून उठवलं.

"पहिल्याच खेपेला तुला पाजताना पाहायला पाहिजे होतं मी. दोनदा नुसत्या गोळ्या देऊन गेली. चुकलंच माझं, बाई."

त्या दिवसांत तुझंच दूध असं, तुलाच नीट पाजता येत नाही, हे मला घरादारानं ऐकवलं होतं, आणि मी ते खरंही मानलं होतं. आपलं चुकलं असं म्हणणारी एकच निघाली, आणि माझ्या पोरीचं दूध तिनंच वाचवलं होतं.