लाल तांदळाची घावनं

परवा लेकीनं ब्राऊन राईसच्या पिठाची घावनं करायला घेतली. तव्यावरून तो गोडसर, भाजका वास उठला आणि मी ऐंशीच्या दशकातल्या आमच्या रत्नागिरीच्या घरात, चुलीपुढे जाऊन बसले. वय वर्षं तेरा, तोरा मात्र सुगरणीचा.

बोटीवर नोकरीला असलेले बाबा त्या सकाळी सुट्टी संपवून परत निघणार होते. आई महिन्याचे चार दिवस बाजूला बसलेली, म्हणून लाल तांदळाची घावनं माझ्याकडे आली. शाबासकीच्या हौसेनं मी आदल्या दिवशीच बिडाचा तवा राखेनं घासून लख्ख केला होता. पहिलं घावन चिकटलं, दुसरंही चिकटलं. उलथन्यानं खरवडता खरवडता मला रडू यायला लागलं.

"तवा कोणी घासलान?" आईनं पडवीतून विचारलं. "इतकी वर्षं तेल पिऊन तयार झाला होता गो तो."

"तुकडे तर तुकडे, वाढ. एस्टी चुकेल," बाबा म्हणाले आणि सात घावनांचा चुरा चहाबरोबर संपवून निघाले.

आठवं अख्खं सुटलं, तोवर ते वळणापलीकडे गेले होते. चिडून मी ते स्वतःच खाल्लं. पिठात मिठाचा कणही नव्हता. बाबांनी सांगितलं का नाही, याचाच तेव्हा मला जास्त राग आला.