आईला जमेल अशी ठिकाणं

"हे आईले जमन काय?"

कुठल्याही प्रेक्षणीय जागी पोचलं की ताईचं पहिलं वाक्य हेच. आम्ही बाकीचे मोबाइल काढून किल्ल्याचे फोटो घेतोय आणि ही वाकून पायरीची उंची बघते आहे. मग थोडं चढायची, थांबायची, गुडघ्यावर हात ठेवून उगाच सुस्कारा सोडायची आणि खाली यायची. तिचे स्वतःचे गुडघे ठणठणीत होते. पण चढताना ती तिची आई होऊन चढायची.

तिची आई भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात, आणि आम्ही जर्मनीत. ती तिथं मातीवर पीएचडी करत होती, मी एमएससाठी नवाच गेलो होतो. कँटीनच्या रांगेत मी घरी फोनवर बोलत होतो, "जेवाले जाऊन राहिलो, मंग लावतो." तेवढ्यात मागून पाठीत धपाटा बसला. "काहून रे बाबू, भंडाऱ्याचा आहेस काय?" मी दचकलोच. परक्या देशात कोणी असं पाठीत घालतं का? पण त्या धपाट्यानं मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवसापासून ती माझी ताई झाली.

भंडाऱ्यात आमची ओळख होण्याचं काही कारण नव्हतं. माझ्या घरचं बाजारात पितळी भांड्यांचं दुकान, तर तिची आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी करणारी. वडील लवकर गेलेले. आईनं दोन्ही पोरांना शिकवलं, ते चिखलात वाकून वाकून. हे ताईनं मला कधी बसवून सांगितलं नाही. शनिवारच्या गाडीत डबा उघडता उघडता एकेक कळत गेलं.

दर शनिवारी आम्ही चौघं निघायचो. ती, मी, केरळचा एक मित्र आणि बंगालची एक मैत्रीण. डबा ताईचा. घरून आणलेल्या चिन्नोर तांदळाचा मसालेभात आणि जवसाची चटणी. डबा उघडला की अख्ख्या डब्यात, म्हणजे रेल्वेच्या डब्यात, वास सुटायचा. समोरचे गोरे लोक खिडकीकडे तोंड करून बसत. "बघू दे ना तिकडं," ती म्हणायची, "भूक लागली असन बिचाऱ्यायले."

ठिकाणं तिची, वेळापत्रक तिचं, आणि कटकटही तिचीच. बाक कुठे आहे, बाथरूम किती लांब, लिफ्ट चालू आहे की नुसतीच पाटी आहे, रस्ता गुळगुळीत आहे की दगडी. एका किल्ल्यावर तिनं रखवालदाराला विचारलं, वर जायला लिफ्ट आहे का? त्यानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. कोणासाठी? आईसाठी. कुठे आहेत आई? "लाखांदूर," ताई अगदी शांतपणे म्हणाली. तो बिचारा मागे वळून गर्दीत शोधायला लागला.

आणि ते चर्च! मोठं, जुनं, आत शिरताच आवाज आपोआप खाली येणारं. ताईनं दारातच बूट काढले. "विहारात जातो तं काढतोच ना? इथं बी लोकं प्रार्थनेलेच बसते. मंग?" थंडी मी म्हणत होती, फरशी बर्फासारखी. पण तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप! आम्हीही काढले. बूट ओळीनं मांडून, मोज्यांवर, चोरासारखे आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर आमच्या चार जोड्यांशेजारी आणखी जोडे. एक म्हातारं जोडपं वाकून बुटांच्या नाड्या सोडत होतं. इथला नियमच असेल असं वाटलं त्यांना. मी हसून लोटपोट. ताई मात्र गंभीर. "चांगले लोक आहेत," म्हणाली. "आईले इथं आनता येईन."

तुम्ही म्हणाल, मग आणायची ना आईला! तिथंच तर गाडं अडलेलं होतं. पीएचडीचं शेवटचं वर्ष चालू होतं. थंडीच्या आधी तिला खोली सोडून परतायचं होतं, आणि पुन्हा इतक्या दूर आईला आणणं काही होणार नव्हतं. आईनं हे सगळं बघावं, एकदा तरी बघावं, एवढंच तिला पाहिजे होतं. दर शनिवारी ती किल्ल्याच्या दारातून, नदीकाठावरून व्हिडिओ कॉल लावायची. "आई, हे पाह्य, हे किती सोपं आहे. इथं पायऱ्याच नाहीत." पलीकडून तेच उत्तर. "माहे गुडघे दुखते वो बाई. पवनीची टेकडी नाही चढू शकत मी, तुह्या तिकडं कायले येऊ? तूच पाह्य अन् मले सांग."

फोन ठेवल्यावर ताई मोबाइलवर नकाशा उघडायची. मग थोड्या वेळानं, "पुढच्या शनिवारी तळ्याकडं जाऊ. तिथं सपाट आहे." मला चीड यायची. एकदा म्हणालोही, "ताई, त्यांना नसेल यायचं. किती मागे लागायचं माणसाच्या?" तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुले नाही समजत बाबू," म्हणाली. "थे आजपर्यंत कुठी गेली, तं कामाले गेली. फिराले म्हणून कधी गेलीच नाही."

शेवटी आई आली. कशी तयार झाली कोण जाणे. ताईच्या भावानं म्हणे भांडून पासपोर्ट काढवला आणि दिल्लीपर्यंत येऊन विमानात बसवून दिलं. विमानतळावर काकू, म्हणजे ताईची आई, बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या लुगड्यावर मुलाचं स्वेटर, पाठ थोडी वाकलेली. मी वाकून नमस्कार केला तर त्याच घाईघाईनं मागे सरल्या. "असू दे, असू दे. तुमी भंडाऱ्याच्या दुकानवाल्यायचे ना?" आमच्या दुकानाच्या पायरीखाली उभ्या राहून भाव विचारणाऱ्या कितीतरी बाया मला त्या एका वाक्यात दिसल्या. मी त्यांची पिशवी तेवढी घेतली.

शनिवारी निघालो. तिथं रेल्वेत पाच जणांना मिळून एकच तिकीट मिळतं, आम्ही एरवी चारच. पहिल्यांदा ते पुरं वसूल झालं. ताईनं वर्षभर पारखून सगळ्यांत सोपी जागा निवडली होती. नदीकाठचा लहानसा किल्ला, रुंद पायऱ्या, मध्ये बसायला बाक. ती आईचा हात धरून म्हणाली, "हळू चाल हं. दम लागला तं बसू."

काकूंनी हात सोडवला, लुगडं जरा वर खोचलं आणि चढायला लागल्या. ज्या बाकाचं ताईनं आम्हाला इतकं कौतुक ऐकवलं होतं त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. आम्ही मागे, ताई मध्ये धापा टाकत, आणि काकू वर कठड्याशी उभ्या राहून आमची वाट बघतायत. केरळच्या मित्रानं टाळ्याच वाजवल्या.

ताई वर पोचली ती भडकलेली. "तुहे गुडघे दुखते ना?"

"दुखते ना."

"मंग?"

"घरी बी दुखते, बांधीत बी दुखते. दुखते म्हणून काय बसून राहाव?"

"मंग वर्षभर मले नाही नाही काहून म्हणत होती? मी इथं एकेक पायरी पाहत फिरून राहिली, आई! वेड्यावानी!"

काकू नदीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले वाटे, तुहे सोबती शिकलेले. मले बोलता येत नाही, खाता येत नाही त्यायच्यासारखं. लोकं म्हणतीन, ही इची माय? तुले खाली पाहा लागन माह्यापायी. म्हणून म्हणत होती गुडघे."

ताई त्या दगडी कठड्यावर बसली आणि हमसून हमसून रडली. आम्हाला कुठे बघावं कळेना. बंगालच्या मैत्रिणीला मराठी कळत नव्हतं, पण तीही रडायला लागली. काकूच काय त्या शांत. "चूप बस वो," लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आली ना मी आता?" मग माझ्याकडे वळून, "बाबू, भूक लागली असन तुमाले. डबा काढा."

जेवताना ताईनं पुढचे बेत सांगायला सुरुवात केली. उद्या तळं, मग ते चर्च, मग राजवाडा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "थे राहू दे," म्हणाल्या. "तू दिवसभर बसतं कुठी, थे दाखव मले."

दुसऱ्या दिवशी रविवार, विद्यापीठ बंद. ताईच्या कार्डानं दार उघडलं. लांब, रिकामा कॉरिडॉर, आणि शेवटी तिची कामाची खोली. टेबलावर काचेच्या लहान लहान बाटल्यांत माती. काकूंनी एक बाटली उचलून उजेडात धरली. "इतकुशी? याच्यासाठी इतक्या दूर?" मी हसलो, ताईही हसली.

"आई, बस ना. माही खुर्ची आहे."

काकू आधी नको म्हणाल्या. मग अगदी काठावर टेकल्या. खुर्ची चाकांची, जरा सरकली तशा घाबरून त्यांनी टेबल धरलं. पाय खाली पोचत नव्हते. ताई गुडघ्यांवर बसली, खुर्चीखालचा दांडा ओढला आणि खुर्ची हळूहळू खाली आणली, आईची पावलं फरशीवर पूर्ण टेकेपर्यंत. मग तिनं आईला पाठ मागे टेकवायला लावली.

काकू तशाच बसल्या. खिडकीबाहेर एक झाड होतं. ते बघितलं, टेबलावरून हात फिरवला.

"दिवसभर इथंच?"

"हो."

"पंखा, दिवा, सारं आहे?"

"आहे आई."

"वाकाव नाही लागत कुठी?"

"नाही लागत."

काकूंनी मान हलवली. डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आम्हाला वाटलं झोपल्या. ताई तशीच खाली, दांड्यावर हात ठेवून बसलेली.

"चाल," काकू शेवटी म्हणाल्या, "माहं पाहून झालं."