पाठ तुडवणं

आई आता दारात आलेलं माणूस पायांवरून ओळखते. पाठीला इतका बाक आलाय की चेहरा बघायला तिला भिंत धरावी लागते. आज शेजारच्या काकू आल्या, तर पावलांकडे बघून म्हणाली, "या शालिनीताई, जोडवी नवीन केलीत वाटतं?" काकू हसल्या. मला हसता आलं नाही.

पाठ दुखली की मुलाकडून ती तुडवून घ्यायची आमच्याकडे पद्धत. लहानपणी भिंतीला धरून मी आईच्या पाठीवर चालायचो. दिवाळीत तिची पाठ भरून आली, तेव्हा फराळ करून शिणली असेल असंच वाटलं. तिनेच सांगितलं, म्हणून मी पाय ठेवून भार दिला. ती किंचाळली.

डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालेली, मणका कदाचित आधीच चेपला असेल. तुमच्यामुळे किती वाढलं, सांगता येणार नाही. त्या मणक्यात सुईने हाडांचं सिमेंट भरलं, तर काही दिवसांनी वरचा खचला. आता पट्टा, गोळ्या आणि कण्हणं.

हाड झिजताना आवाज होत नाही. दर सणाला मी तिच्या पाया पडत आलो. पण पायांवर वाकलेल्याला समोरच्याची पाठ कुठे दिसते?

दुपारी पट्टा सोडून तिला कुशीवर वळवलं. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "बाळ, एकदा हळूच पाय देतोस? तुझ्या पायाने फार बरं वाटायचं रे."

मी नुसता तळहात ठेवला.

"अरे, जोर दे की जरा."

मी हात काढून घेतला.