आक्काची रिकामी किटली

ही गोष्ट सांगायचे मी बरीच वर्षे टाळले. कोणी विचारले तर म्हणायचो, "वय झालं होतं आक्काचं." आता वय माझेही झाले आहे, तेव्हा खरे सांगतो.

माझी थोरली बहीण आक्का रोज सकाळी दुधाची रिकामी किटली घेऊन काटेवाडीच्या डेअरीपर्यंत चालत जायची आणि तशीच रिकामी घेऊन परत यायची. आमचे दूध मोटरसायकलवरून जाई. किटली होती ती लोकांसाठी. आमच्या बागायती भागात दारात दोन गाड्या असताना घरातली म्हातारी पायी दिसली, की जो तो थांबून विचारणार, "बसा मागं आक्का. घरच्यांनी सोडलं न्हाय व्हय?" डेअरीला निघालेल्या बाईला मात्र कोणी अडवत नाही.

चालायला सांगितले होते बारामतीच्या डॉक्टरांनी. दाजी गेल्यावर ती आमच्याकडे आली, ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. आमटीत दोनदा मीठ घालायची, नातवंडांची नावे विसरायची. मी गोळ्या मागितल्या. डॉक्टर म्हणाले, "आधी रोज अर्धा तास सावकाश चालू द्या. मनाला बरं, डोक्यालाही बरं." एवढी फी घेऊन हे असले औषध!

पण दोन-तीन महिन्यांत आक्का पालटली. कोणाच्या उसाला तुरा आला, कोणाची सून रुसून माहेरी गेली, सगळे तिला पाठ. मला म्हणायची, "पाय हललं की डोक्यातली धूळ झडती. तू बी चालून बघ, गाडीभर निघंल."

एकदा घरात पाहुणे बसले होते आणि आक्का फिरून आली. मी तिच्या हातातली किटली घेऊन सर्वांसमोर उलटी धरली. "बघा, आमच्या आक्काचं दूध! आज फॅट किती लागली गं?"

सगळे हसले. आक्काही हसली. पुढे वाटेत भेटेल तो तिला फॅट विचारू लागला. आठवड्याभरात किटली फडताळात गेली. मला हायसे वाटले, घराची अब्रू वाचली.

आक्का पुन्हा भिंतीकडे वळली. वर्षभराने भाची तिला इंदापूरला घेऊन गेली. चालणे सुटल्यानेच हे झाले, असे डॉक्टरही ठामपणे म्हणाले नाहीत. मला मात्र दुसरे कारण सापडलेले नाही.

ती वारण्यापूर्वी तिथे एकदाच भेटलो. भाचीने चहा दिला. आक्का बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग ओळख पटली.

"चालत आलास?"

"न्हाय आक्का, गाडीनं."

"बरं केलंस. लोक हसत्यात."

"चुकलं माझं, आक्का" हे तीन शब्द मी वाटभर घोकत आणले होते. तोंड उघडले आणि म्हणालो, "चहा झकास झालाय."