दोन वाटा ठेवणाऱ्या मॅडम

"आधी वाट बघू," मॅडम म्हणाल्या, आणि आमचे डॉक्टर निमूटपणे खुर्चीत बसले. त्यांना वाटलं, थांबायचंय. मॅडम मात्र ओढणी कमरेला बांधून थेट टेबलाखाली शिरल्या. स्कॅनच्या मशीनमधून निघालेली वायर कुठून कुठे जाते, ती वाट त्यांना बघायची होती.

खारघरच्या आमच्या स्कॅन सेंटरचं ऑफिस मी सांभाळते. तेव्हा आमचं एकच रडगाणं होतं. स्कॅन व्हायचा, चित्रं स्टोरेजमध्ये साठायची, पण डॉक्टरांच्या पडद्यावर उघडेपर्यंत चहा गार व्हायचा. डॉक्टर नवं, मोठं स्टोरेज घ्यायला निघाले होते. तेवढ्यात कुणीतरी या नेटवर्कवाल्या मॅडम सुचवल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला खांदेश्वरला; तळोज्याच्या कारखान्यांची कामं करायच्या.

टेबलाखालून बाहेर आल्या त्या केसांत जळमटं घेऊनच. "गोदाम मोठं आहे हो तुमचं. गल्ली अरुंद आहे."

मग त्यांनी आम्हाला स्विच दाखवला. कोपऱ्यातला लुकलुकणारा डबा. सगळ्या वायरी तिथे येतात, आणि कुणाचा माल कुणाकडे पाठवायचा ते तो बघतो. आमच्या त्या एकाच जुन्या डब्यातून स्कॅन, बिलं, कॅमेरे आणि बाहेर बसलेल्या लोकांचं वाय-फाय, सगळंच जात होतं.

"वरातीत ॲम्ब्युलन्स अडकलीय," त्या म्हणाल्या.

स्टोरेजसाठी वेगळा, वेगवान स्विच बसवायचा आणि त्याला दुसरं काहीही जोडायचं नाही, हे डॉक्टरांना लगेच पटलं. पण मॅडमना तसे दोन हवे होते. महत्त्वाच्या प्रत्येक संगणकाची एक वायर या स्विचला, एक त्याला.

"दुसरा नुसता बसून राहणार ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर. दोघं मिळून ओझं वाहतील. एक पडला तर दुसरा आहेच."

"आणि मी एकच घेतला तर?"

"मग दुसरं कुणीतरी बघा. पेशंटच्या बाबतीत मी एका पायावर काम करत नाही."

डॉक्टर हसले आणि हो म्हणाले. चित्रं झटपट उघडू लागली, आणि आम्ही स्विच विसरून गेलो.

पुढे एका दुपारी खाडीकडच्या गावातली एक बाई नवऱ्याला घेऊन आली. "जेवता जेवता गप झाले ओ. हात पन उचलत नाय," ती रडत सांगत होती. त्यांना स्कॅनला आत घेतलं आणि नेमके तेव्हाच स्टोरेजच्या एका स्विचचे दिवे विझले. मी धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले, तर ते पडद्याकडे बघत हॉस्पिटलशी फोनवर बोलत होते. चित्रं उघडली होती. मेंदूतली गुठळी त्यांना दिसली होती. त्या माणसाला तिथून तसंच हॉस्पिटलला नेलं.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न स्विचचा नव्हता.

"पेशंट कसा आहे?"

"उपचार वेळेत सुरू झाले."

पलीकडे किल्ल्या खुळखुळल्या. मग नेहमीचा आवाज. "बंद पडलेला आजच बदलायचा. निघाले मी."

काही दिवसांनी तो माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला. बायकोने सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. दोघांनी आम्हा सगळ्यांचे आभार मानले. त्यांना मॅडम माहीत असण्याचं कारण नव्हतं. तुमच्याही आसपास अशी माणसं असतील. ज्यांचं भलं होतं, त्यांना ती दिसतच नाहीत. चटणीचा निम्मा डबा मी खांदेश्वरला पोचवला.

मग आईची सोबत करायला मॅडम कायमच्या साताऱ्याला निघाल्या. जाण्याआधी शेवटच्या आल्या तेव्हा पेशंट कुणी नव्हता. मला स्विचसमोर उभं करून म्हणाल्या, "ही वायर उपसून काढा."

"मॅडम, नको ना!"

"मी असताना घाबरून घ्या. नंतर घाबरायला वेळ मिळत नाही."

मी डोळे मिटून वायर ओढली. शेजारच्या पडद्यावर चित्रं तशीच झरझर उघडत राहिली. हसत मागे वळले, तर मॅडम नव्हत्या.

खिडकीतून खाली पाहिलं. हेल्मेटचा पट्टा बांधून त्या स्कूटरवर बसत होत्या. मी हाक मारली नाही. वायर तशीच हातात धरून, त्या वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.