न नांगरलेला अर्धा तुकडा

देवरूखला बी.एस्सी. झाल्यावर मला मातीवरच्या एका संशोधनात मदतनीस म्हणून काम मिळालं. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच आमच्याकडे कुळीथ करतात, वरून पाणी देत नाहीत. अशी जमीन नांगरली तर तिच्यातून कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो आणि न नांगरता तशीच ठेवली तर किती, हे मला दर सोमवारी मोजायचं होतं.

एसटीने तासाभरावरच्या गावात एका काकींनी त्यासाठी आपला रस्त्याकडेचा तुकडा दिला होता. काकी पन्नाशीच्या. नवरा मुंबईत वॉचमन, मुलगी लग्न होऊन चिपळूणला. घरी त्या एकट्याच. आम्ही अर्धा तुकडा पॉवर टिलरने नांगरून घेतला. उरलेल्या अर्ध्यात भाताची धसकटं तशीच ठेवली, काठीने भोकं पाडून कुळीथ टोकला आणि वर पेंढा पसरला. दोन्हीकडे पत्र्याच्या रुंद कड्या मातीत रुतवल्या. कडीवर झाकण ठेवायचं, अर्धा तास थांबायचं आणि झाकणाच्या रबरी बुचातून सिरिंजने आतली हवा काढून बाटलीत भरायची.

पहिल्या दिवशी काकी शेजारी उकिडव्या बसल्या.

"इंजेक्शन देतेस की रक्त काढतेस गो?"

"काढते. रक्त नाही, हवा."

"काढ बाय. जमिनीची हरकत नसली तर माझी पण नाय," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

सुरुवातीचे आकडे आम्हाला वाटलं होतं तसेच आले. नांगरलेल्या बाजूने पहिल्या आठवड्यात भरपूर वायू सोडला, दुसरी बाजू शांत होती. चौथ्या सोमवारी मात्र शांत बाजूचा आकडा एकदम वर गेला. माझंच काहीतरी चुकलं असं मी धरून चालले. झाकणं तपासली, बुचं बदलली. पुढच्या सोमवारी आकडा आणखी वर. प्रकल्पाचे सर म्हणाले, "झाकण गळत असेल. पुन्हा घे." पहिलीच नोकरी, आणि तीही नीट जमत नाही असं वाटू लागलं.

मग एक दिवस मधल्या वारी, न कळवता गेले. कडीजवळचा पेंढा सरकवला तर खालची माती भुसभुशीत. हात मनगटापर्यंत आत गेला. कुळथाच्या दोन ओळींमधली जमीन कुदळीने नीट खणलेली होती आणि वर पेंढा परत जागच्या जागी पसरलेला होता.

काकी पडवीत वाळलेली कोकमं निवडत होत्या. मी विचारलं, "काकी, ती बाजू तुम्ही खणलीत?"

त्यांनी मान वर केली नाही. "खणली."

"का? नांगरायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "एसटीतून उतरणारा जो तो बघतो. घो मुंबईला, नि हिला जमीन उकरवत नाय, म्हणतात. जाऊबाईने तर तोंडावर विचारलं, हात मोडले काय गो तुझे? माझ्या सासूने कधी न नांगरता बी टाकलं नाय. ती धसकटं मला बघवेनात. रोज सकाळी लोकांच्या देखत थोडं थोडं खणलं, नि तुला कळू नये म्हणून पेंढा परत पसरला. कड्यांच्या आतली पण उकरली, पण तुझ्या कड्यांना धक्का लावला नाय."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा कळेना. 'इथे नांगरू नका' एवढंच मी सांगितलं होतं. का, ते सांगायची मला गरजच वाटली नव्हती. परतीच्या एसटीत मनात आलं, हे दोन आकडे 'झाकण गळलं' म्हणून खोडून टाकता येतील. काकींचं नाव येणार नाही, माझंही काम टिकेल. घरी जाऊन वही उघडली, जे झालं ते सगळं लिहून काढलं आणि सरांना दाखवलं.

सर आले ते थेट काकींच्या पडवीतच बसले. म्हणाले, "आम्ही तुमच्याकडे जमीन मागितली. लोकांची बोलणी तुम्हाला ऐकावी लागतील हे लक्षातच घेतलं नाही. चूक आमची आहे." काकी पदराने डोळे पुसत आत गेल्या. तो तुकडा त्या हंगामापुरता तुलनेतून बाद झाला. माझं काम टिकलं.

त्यानंतर मी मोजताना काय मोजते आणि का, ते काकींना सांगायला लागले. टोकाला एक पट्टी खणायची राहिली होती. तिथला पेंढा बाजूला करून काकींचा हात मातीला लावला, मग खणलेल्या बाजूला लावला. न खणलेल्या पट्टीत गारवा होता, खणलेल्या बाजूला माती कोरडी. पीक दोन्हीकडे जवळपास सारखंच आलं, तेही मी त्यांच्यापासून लपवलं नाही.

पुढच्या वर्षी काकींनी स्वतः निरोप पाठवला. रस्त्याकडचा भाग त्यांनी नांगरून घेतला होता आणि मागचा, घराआडचा, आमच्यासाठी तसाच ठेवला होता. मी कड्या बसवत असताना जाऊबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"हे कशाला असं टाकलंस?"

"टाकलेलं नाय, ठेवलेलं आहे," काकी म्हणाल्या. "उकरली की वारा आत जातो, पालापाचोळा भराभर कुजतो नि जमिनीतला कस हवेत उडून जातो. ही मोजते ना, तोच."

सगळा कस काही उडून जात नाही, त्यातला कार्बन तेवढा जातो. पण ते नंतर सांगता येईल. झाकण दाबलं आणि घड्याळ लावलं.