दार आता एका हातानं उघडतं

मंडळी, हे पोस्टकार्ड तिकडे तुमच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवा.

आज दुपारी बाजारातून आलो, कुलूप काढलं, पण दार हलेना. आमच्या नागावात पावसाळी हवेनं दारं फुगतातच. दमलो, तेव्हा शेजारी कामाला आलेल्या सुताराला हाक मारली.

त्यानं खांदा लावला नि म्हणाला, "वैनीस सांगा, आतून वढा."

म्हटलं, "आत कोणी नाही."

इतकी वर्षं मी बाहेरून ढकलायचो, ती आतून ओढायची. ती गेल्यापासूनचा हा पहिलाच पावसाळा.

मग आम्ही दोघांनी बाहेरूनच ढकललं. त्यानं रंध्यानं दाराची कड तासली. आता एका हातानं उघडतं.

तुमचं दार फुगलं, तर लगेच तासू नका. आतून कोण ओढतंय, ते आधी बघा.